पंक, कंट्री की जॅझ: वावरात आधी काय ऐकावं?

सोयाबीन निघाल्यावर भाच्याने इअरफोन घेतले आणि मला विचारलं, "मामा, बाहेरचं काही ऐकायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करू?" पोरगा भजन मंडळात खंजिरी वाजवतो, इंग्रजी बारावीपुरतं. आमच्या यवतमाळकडे असे कान तयार असलेले पुष्कळ आहेत, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे मांडतो.

पंक म्हणजे रॉकचा साधा, आक्रमक प्रकार; त्याचं लवकर सांगून होतं. न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडचा पहिला अल्बम १९७६ चा. १४ गाणी, आणि सगळी मिळून अर्धा तासही भरत नाही. मोजके कॉर्ड (गिटारवर एकत्र वाजणारे सूर), दणादण ठेका, मनातलं थेट तोंडावर. वाद्यावर फार हात बसलेला नसला तरी चार पोरांना गाणं उभं करता येतं, हे पंकने दाखवलं. तुम्हाला स्वतःचा ग्रुप काढायचा असेल तर आधी हेच ऐका. आताच्यांपैकी मेलबर्नचे 'अमिल अँड द स्निफर्स' मला आवडले. त्यांचा २०२१ चा 'कम्फर्ट टू मी' घ्या. अडचण एवढीच, की शब्द भरभर निसटतात आणि जे हाती लागतात त्यांत शिव्या असतात. घरात आजी बसली असताना लावू नका.

कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतलं गाणं. त्यात शब्द स्वच्छ ऐकू येतात आणि प्रत्येक गाण्यात गोष्ट असते. १९२७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावी जिमी रॉजर्स आणि कार्टर फॅमिली या गायकांची पहिली रेकॉर्डिंग झाली. रॉजर्स रेल्वेत कामाला होता, कार्टर मंडळी डोंगरातली. गायिका लोरेटा लिन केंटकी राज्यातल्या कोळसा खाणकामगाराची मुलगी. त्याच जगण्यावरचं तिचं गाणं १९७० चं. वणी, घुग्घुसकडच्या, कोळसा खाणींच्या पट्ट्यातल्या माणसाला ते समजावून सांगावं लागणार नाही. नव्यांत त्याच केंटकीचा टायलर चाइल्डर्स, त्याचा २०१७ चा 'पर्गेटरी'. इंग्रजी सुधारायचं असेल, दिवसा कापूस वेचताना कुणीतरी सोबतीला हवं असेल, तर कंट्री घ्या. ट्रक आणि बिअरची एका साच्यातली गाणीही ढिगाने आहेत, ती सोडून द्या.

भाच्याला मात्र मी जॅझ सांगितलं. जॅझ म्हणजे शिकल्यासवरल्यांचं, शहरातलं, असं आपण उगाच धरून बसलो आहोत. बऱ्याच जॅझमध्ये शब्दच नसतात, मग इंग्रजी अडणार कुठे?

गेल्या हिवाळ्यात हरभऱ्याला ओलीत होतं. विजेची लाइन रात्रीची. स्प्रिंकलर सुरू करून धुऱ्यावर शेकोटीजवळ बसलो आणि ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा १९५९ चा 'काइंड ऑफ ब्लू' लावला. पहिल्या तुकड्यात सुरुवातीच्या संथ सुरांनंतर बास (खर्जातलं तंतुवाद्य) एक ओळ म्हणतो, पियानो दोन सुरांत "हो" म्हणतो, मग ट्रम्पेट-सॅक्सोफोनही त्या उत्तरात सामील होतात. बुवांनी चरण म्हणावा आणि मागच्यांनी तो उचलावा, अगदी तसं. पुढे एकेक जण मोजक्याच सुरांत फिरत आपलं म्हणणं रंगवत जातो. रागाची बढत ऐकलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटतं. पाइप बदलायला उठायची वेळ झाली तेव्हा पाचही तुकडे संपले होते, आणि मी ते पुन्हा लावले.

आपल्याकडून तिकडे गेलेलंही सापडतं. अ‍ॅलिस कोल्ट्रेनच्या १९७१ च्या 'जर्नी इन सच्चिदानंद'मध्ये तंबोरा घुमतो, त्यावर तिची हार्प, म्हणजे उभं तंतुवाद्य. आजच्यांपैकी सॅक्सोफोनवादक कमासी वॉशिंग्टनचा २०१५ चा 'द एपिक' जवळपास तीन तासांचा आहे. तो रात्रभराच्या ओलितालाच ठेवा.

दोन गोष्टी सांभाळा. मोबाइलच्या स्पीकरवर बास ऐकूच येत नाही आणि जॅझचा अर्धा जीव बासमध्ये असतो, म्हणून इअरफोन हवेतच. पण रात्री वावरात एकच कानात घालायचा. रानडुकरं पिकात शिरली तर चाहूल लागली पाहिजे. आणि रेंज धुऱ्यापर्यंत येत नाही, तेव्हा घरूनच डाउनलोड करून निघा.

भाच्याने तीन अल्बम नेले. आठ दिवसांनी आला तो खंजिरी घेऊनच, आणि बासची ती ओळ बोटांनी वाजवून दाखवत होता.