हेडफोन जॅक नसलेला फोन: वर्षभराच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. फोन चांगलाय, कॅमेरा मस्त, बॅटरी दिवसभर पुरते, पण हेडफोन जॅक नसण्याची सवय होत नाही, निदान ज्यांचं काम आवाजाशी आहे त्यांना तर नाहीच. मी गाणं शिकवते, काही क्लास घरी आणि बरेचसे ऑनलाइन, शिवाय स्वतःचा रियाज असतोच. जुन्या फोनला जॅक होता तेव्हा हा विषय कधी डोक्यातही आला नव्हता, पिन घातली की आवाज आला, विषय संपला. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण प्रश्न एका मॉडेलचा नाहीचे, पंचवीस-तीस हजारांच्या वर गेलं की बहुतेक फोन असेच मिळतात आणि दहा-बारा हजारांच्या बऱ्याच फोनला मात्र जॅक असतो. जास्त पैसे मोजायचे आणि एक सोय कमी घ्यायची, हे मला अजूनही पटलेलं नाही.

बड्सबद्दल, म्हणजे ब्लूटूथवर चालणाऱ्या बिनवायरच्या इअरफोनबद्दल, आधी चांगलं सांगते कारण ते खरंच चांगलं आहे. लोकलच्या गर्दीत, भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना वायर नसणं हे सुख आहे, कुणाच्या बॅगेत अडकत नाही, दाराच्या कडीत अडकत नाही. फोनवर बोलायलाही छान. नुसतं ऐकायचं असेल, म्हणजे गाणी, बातम्या, सिरीयल, तर बऱ्याच लोकांना जॅकची आठवणही येणार नाही आणि त्यांचं काही चुकत नाहीये.

अडचण येते ती गाताना. ब्लूटूथवर आवाज कानात पोचायला वेळ लागतो, साध्या बड्समध्ये हे अंतर पाव सेकंदापर्यंत जातं. व्हिडिओ बघताना अ‍ॅप चित्र तेवढं मागे ठेवतं म्हणून कळत नाही. पण तबल्याच्या अ‍ॅपवर ठेका लावून स्वतःचं गाणं रेकॉर्ड करून बघा. कानात ठेका उशिरा येतो, आपण त्या ठेक्याला धरून गातो, फोन मात्र आपला आवाज मूळ ठेक्यावर चढवतो, म्हणजे आपण मागे. मिनिटाला १२० मात्रांची मध्य लय असेल तर पाव सेकंद म्हणजे अर्धी मात्रा, आणि २४० च्या द्रुतमध्ये अख्खी एक मात्रा! माझी एक विद्यार्थिनी लयीला पक्की आहे, समोर बसून गाते तेव्हा सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कधी हुकत नाही, तिने बंदिश रेकॉर्ड करून पाठवली तर प्रत्येक सम ठेक्याच्या मागे पडत होती, आणि सगळीकडे सारखीच मागे, तिथेच कळलं की हे पोरीचं नाही. तिला वायर लावून परत गायला सांगितलं, सगळं जागेवर. काही अ‍ॅपमध्ये हे अंतर भरून काढायची सेटिंग असते पण ब्लूटूथचं अंतर रोज तेवढंच राहत नाही, आज जुळवलेलं उद्या सरकतं.

दुसरी गोष्ट ऑनलाइन क्लासची. बड्सचा माइक चालू झाला की ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं आणि ऐकू येणारा आवाजही फोनकॉलसारखा होतो. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झार, ऐकूच येत नाही, नुसती घरघर. घरात मिरजेचा तानपुरा आहे पण प्रवासात आणि क्लासमध्ये अ‍ॅपच लागतं, आणि समोरच्याचा गंधार (ग) नीट लागला की किंचित चढला हे असल्या आवाजात सांगायचं म्हणजे अंदाजपंचे. शिकवणाऱ्याने अंदाज बांधून चालत नाही.

मग डोंगल, म्हणजे फोनला वायरवाला हेडफोन जोडायचा छोटा कन्व्हर्टर. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण दुकानातही कुणी सांगत नाही. सी टाइप म्हणजे चार्जिंगच्या पोर्टला लावून हेडफोनची साडेतीन एमएमची पिन घालू देणारे हे कन्व्हर्टर दोन प्रकारचे असतात. एकात नुसत्या तारा असतात, तो अशाच फोनवर चालतो जो सी टाइपमधून थेट अ‍ॅनालॉग आवाज बाहेर सोडतो, आणि पुष्कळ फोन सोडत नाहीत. दुसऱ्यात डॅक म्हणजे डिजिटलचा अ‍ॅनालॉग करणारी छोटी चिप असते, तो बहुतेक ठिकाणी चालतो. दिसायला दोन्ही डिट्टो सारखे. स्टेशनबाहेर शंभर रुपयांत मिळालेला माझ्या फोनवर मुका राहिला, डॅकवाला घेतला आणि पहिल्या मिनिटाला आवाज आला, आणि आवाज उत्तम आहे, तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. भोक एकच. डोंगल लावलं की चार्जिंग बंद. संध्याकाळी एकामागोमाग क्लास असतात, दुसऱ्या क्लासच्या मध्येच बॅटरी लाल होते आणि मग समोरच्याला थांबवून एकतर आवाज सोडायचा नाहीतर चार्जर. चार्जिंग आणि पिन दोन्ही देणारे कन्व्हर्टर मिळतात, तो आता स्टँडला कायमचा लावून ठेवलाय पण त्याचं लोंबकळणारं वजन सगळं पोर्टवर येतं आणि फोन जरा हलला की आवाज जातो. जॅक बिघडला तर निदान चार्जिंग तरी चालू राहायचं, इथे पोर्ट सैल झाला की दोन्ही गेलं.

हे सगळं कशासाठी? जॅक जाड असतो, जागा खातो, त्यातून पाणी शिरतं अशी कारणं कंपन्या देतात. २०१४ च्या ओप्पो आर ५ ने बारीक व्हायला जॅक काढला, ते एकवेळ समजतं. पण सॅमसंगचा २०१६ चा गॅलेक्सी एस ७ जॅक असूनही आयपी ६८, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाच्या दर्जाचा होता, म्हणजे पाण्याचं कारण टिकत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात अ‍ॅपलने आयफोन ७ मधून जॅक काढला, कंपनीचे मार्केटिंग प्रमुख फिल शिलर यांनी स्टेजवरून त्याला धैर्य म्हटलं, आणि त्याच कार्यक्रमात स्वतःचे बड्स, एअरपॉड्स, जाहीर केले. माझ्या मते खरं कारण तिथेच दिसतं. सुरुवातीला आयफोनच्या डब्यात कन्व्हर्टर तरी होता, २०१८ च्या मॉडेलपासून तोही गेला आणि २०२० मध्ये इअरफोनही. गूगलने पहिल्या पिक्सेल फोनच्या वेळी जॅक आहे म्हणून मिरवलं आणि पुढच्याच वर्षी काढला, सॅमसंगने २०१९ ला नोट १० मधून. सोनीने मात्र २०२० मध्ये एक्सपीरियात तो परत आणला, म्हणजे ठरवलं तर जागा होते.

आणि बाबांचा रेडिओ. फोनमधल्या एफएमला इअरफोनची वायरच अँटेना म्हणून लागते, जॅक गेला की बहुतेक फोनमधून एफएमही जातो. माझ्यासारखाच फोन बाबांनाही घेतला होता, त्यांना सकाळच्या बातम्या आणि विविध भारती इंटरनेटशिवाय लागायची. न्यूज ऑन एअर अ‍ॅप घालून दिलं पण त्याला डेटा लागतो आणि गावाला गेलं की रेंजची बोंब. २०२३ मध्ये केंद्राच्या आयटी मंत्रालयाने मोबाइल कंपन्यांना फोनमध्ये एफएम चालू ठेवा असं कळवलं होतं, पूर-वादळात नेट जातं तेव्हा रेडिओच पोचतो म्हणून. अगदी योग्य मागणी होती, पण दुकानात जाऊन एफएमवाला चांगला फोन मागून बघा.

बड्सचं अजून एक, त्यांची इवलीशी बॅटरी दोनेक वर्षांत उतरते आणि ती बदलायची सोय बहुतेकांना नसते, माझा डावा आत्ताच उजव्याच्या आधी बंद पडतो. कप्प्यात माझे जुने वायरवाले इअरफोन पडलेत, साडेचारशेचे, कॉलेजला असलेल्या भाचीपेक्षा थोडेच लहान, आणि अजून ठणठणीत वाजतात.

कुणी घ्यायच्या विचारात असेल तर: फक्त ऐकणारे असाल तर बिनधास्त घ्या. गात असाल, वाजवत असाल, शिकवत असाल तर स्पेसिफिकेशनमध्ये साडेतीन एमएम लिहिलंय का ते आधी बघा, आणि नसेलच तर डॅकवाला, चार्जिंगचं तोंड असलेला कन्व्हर्टर फोनच्या बजेटमध्येच धरा. मी पुढचा फोन जॅक असलेलाच घेणार, कॅमेरा थोडा कमी चालेल.