चार चाकी ट्रॉली बॅग, नऊ महिने, खान्देशच्या फेऱ्या

दिवाळीच्या सेलमध्ये २,४९९ रुपयांना घेतलेली ही बॅग जूनच्या शेवटी जळगाव स्टेशनबाहेर बसली. मागचं उजवं चाक निखळलं आणि गटारापर्यंत घरंगळत गेलं. कप्पे, लॉक, वजन हे सगळं तुम्ही वाचलेलंच असणार, ते परत सांगत नाही. मी चाकांबद्दलच लिहिणार आहे. परक्या गावात गाडीतून उतरल्यापासून लॉजच्या खोलीपर्यंत आपण त्या चार चाकांच्याच भरवशावर असतो.

मी सांगलीची. ऑडिटसाठी महिन्यातून एकदा खान्देशात जावं लागतं. महाराष्ट्र एक्स्प्रेस जळगाव-भुसावळला थेट नेते, धुळ्याचं काम असलं की चाळीसगावला उतरून शटल धरायची. रिक्षाचे पैसे ऑफिस देत नाही, त्यामुळे चालत गेलं की तेवढे खिशात राहतात. पहिल्या फेरीला जळगाव स्टेशनवर शंभर रुपये सांगितले. लॉज होतं टॉवर चौकाच्या अलीकडे. नेहरू चौकावरून बॅग ढकलत निघाले आणि पाव तासाच्या आत पोचले. त्या दिवशी मला या बॅगेचा फार अभिमान वाटला होता.

फरशीवर ती खरंच छान चालते. भुसावळच्या फलाटावर गर्दीतून अंगाला चिकटून आडवी सरकते, मनगटावर भार येत नाही. दोन चाकांची बॅग मागे ओढताना लोकांच्या पायात येते, तो त्रास इथे नाही. पहिले दोन महिने कोणी विचारलं की मी हीच घ्या म्हणायचे.

डिसेंबरात ती ढकलायला जड जाऊ लागली. लॉजवर उलटी करून पाहिलं तर चारही चाकांच्या दांड्यांभोवती कापूस पिळून बसलेला. वेचणीचे दिवस, कापसाने भरलेल्या गाड्या सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्यांकडे जात होत्या आणि रस्त्याच्या कडेला पांढरे पुंजके पडलेले. त्यात केस आणि सुतळीचा एक धागा, सगळं मिळून दोरीसारखं घट्ट. नखकात्रीने कापायला अर्धा तास गेला. मे महिन्यात दुपारी डांबर मऊ झालेलं, त्यात खडी चिकटून चाकं चौकोनी झाल्यासारखी टकटक वाजायची. आणि पहिल्या पावसात काळी माती. ती एकदा चाक धरणाऱ्या काट्यात शिरून वाळली की चाक फिरतच नाही, घासत येतं. माझं चाक तसं घासूनच गेलं.

कंपनीच्या सर्व्हिसला फोन केला. दोनदा फोटो पाठवले. उत्तर आलं की चाकं ही वापरातली झीज, वॉरंटीत बसत नाही, हवं तर स्वखर्चाने बॅग कुरियर करा. तीन वर्षांची वॉरंटी जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहायची आणि जी वस्तू जमिनीला टेकते तीच त्यातून वगळायची, याचा मला अजून राग आहे.

लॉजच्या काउंटरवरच्या काकांनी बाजारात चेन-रनर बदलणाऱ्या एका दुकानदाराकडे पाठवलं. त्याने तुटलेलं चाक माझ्या तळहातावर ठेवून दाखवलं. आत बेअरिंग नाहीच, नुसतं प्लास्टिक प्लास्टिकवर फिरतं, आणि दांडी म्हणजे पोकळ रिव्हेट, ठोकून कायमची बसवलेली, उघडता न येणारी खीळ. त्याने उरलेली रिव्हेट ड्रिलने फोडली, नट-बोल्ट घातला आणि मागची दोन्ही चाकं रबराची बसवली. १८० रुपये, वीस मिनिटं. बोल्ट असल्यामुळे आता चाक काढून धुता येतं, हे मला सगळ्यात आवडलं. म्हणून ‘घेऊ नका’ असं जे लिहायचं ठरवलं होतं ते मागे घेते. कवच अजून एकदम चांगलं आहे. पण नवी घेणार असाल तर दुकानात बॅग उलटी करा, चाकावर बोल्ट आहे की रिव्हेट ते बघा. खेड्यापाड्यात जास्त फिरणं असेल तर दोन मोठ्या चाकांचीच घ्या.

चालण्याबद्दलही माझं मत थोडं बदललंय. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत मी साठ रुपये वाचवायला गेले आणि लॉजवर पोचून तासभर आडवी होते. आता उन्हाळ्यात दुपारी आणि रात्री उशिरा रिक्षाच. अजिंठा चौफुलीकडचं हॉटेल असेल तर चालण्याचा प्रश्नच नाही. निघण्याआधी लॉजवाल्यांना फोन करून स्टेशनहून किती घेतात ते विचारते आणि रिक्षात बसायच्या आधी तोच आकडा सांगते. धुळ्यात तर गल्लीचा नंबर पाठ करून उतरते. तिथे पहिल्यांदा रिक्षावाल्या भाऊंनी ‘कोठे जानं शे ताई, कितवी गल्ली?’ विचारलं होतं आणि माझ्याकडे फक्त लॉजचं नाव होतं. दोन गल्ल्या फिरवून, तिसरीत विचारून त्यांनी मला दारात सोडलं, पैसे मात्र ठरले तेवढेच घेतले.

पुढची फेरी नंदुरबारची आहे. पुढची दोन चाकं अजून जुनीच, रिव्हेटवाली. त्याच दुकानातून तसली दोन रबरी चाकं आणि बोल्ट आणून बाजूच्या कप्प्यात ठेवलेत, सोबत जुना टूथब्रश.