हेनेसी व्हेनम एफ५ : इंजिन जबरदस्त, पण रेकॉर्डचं काय?

टेक्सासच्या हेनेसी कंपनीचं नाव झालं दुसऱ्यांच्या गाड्या ट्यून करून (म्हणजे त्यांची ताकद वाढवून), त्यामुळे त्यांनी स्वतःची हायपरकार (अतिवेगवान गाडी) व्हेनम एफ५ काढली तर इंजिन भारी असणारच आणि आहेच, ६.६ लिटर व्ही८ (आठ सिलिंडरचं), दोन टर्बो, १८१७ हॉर्सपॉवर आणि ती सगळी फक्त मागच्या चाकांना, म्हणजे ओल्या रस्त्यावर तर विचारूच नका. बॉडी कार्बनची, वजन कमी, मला हे फार आवडतं कारण इथे हायब्रिडसारखा इलेक्ट्रिक मोटरचा टेकू नाही. पण रेकॉर्ड म्हणायचा तर स्पीडचे आकडे दोन्ही दिशांनी पळवून, सरासरी काढूनच दाखवायला हवेत. २०१४ ला हेनेसीच्याच आधीच्या व्हेनम जीटीने ताशी ४३५ किमी गाठले होते ते एकाच दिशेने, म्हणून तो अधिकृत रेकॉर्ड धरलाच नाही. कोनिगसेग या स्वीडिश कंपनीच्या गाडीने २०१७ ला अमेरिकेतल्या नेवाडात दोन्हीकडून पळून ताशी ४४७ किमी सरासरी काढली. माझं मत अजून कोनिगसेगलाच.