सोलापुरी चादर: ल्युई बॉडी डिमेन्शियाच्या रुग्णासाठी कोणती घ्यावी?

पांघरूण म्हणून सोलापुरीला तोड नाही. सुती, घाम शोषणारी, वर्षानुवर्षं टिकणारी. पण घरात ल्युई बॉडी डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराचा, रुग्ण असेल तर नक्षी पाहूनच घ्या. या आजारात डोळे चांगले असले तरी मेंदू आकारांचा भलताच अर्थ लावतो. संध्याकाळच्या मंद उजेडात मोरपिसाच्या नक्षीचे डोळे होतात, किनारीवरून किडे चालताना दिसतात. रुग्ण चादर झटकत बसला तर वाद घालू नका. दिवा लावा, चादर बदला.

दुकानात आधी जॅकार्डच्याच, म्हणजे विणीतच नक्षी असलेल्या चादरींच्या, घड्या उलगडतात. एकरंगी मागून घ्या, फरशीपेक्षा वेगळ्या रंगाची, म्हणजे पलंगाची कड ओळखता येते.

डबल चादर नकोच. या आजारात बरेच जण झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडतात. लोंबणारं टोक पायात अडकतं आणि रात्री लघवीला उठताना माणूस पडतो. सिंगल घ्या, पायथ्याशी खोचू नका. उठताना आधी दोन मिनिटं काठावर बसवा, कारण उभं राहताच रक्तदाब उतरू शकतो. नवी चादर पहिल्यांदा वेगळी धुवा, रंग जातो. मे महिन्यात मात्र पांघरायला जुनं मऊ धोतर बरं.

सोलापूरच्याच टेरी टॉवेलला पैकीच्या पैकी गुण. लाळ गळत असेल तर उशीवर एक, हाताशी एक ठेवा. फक्त दारामागच्या खुंटीवर टांगू नका. अंधारात तिथे माणूस उभा दिसतो.