हजाराचा अडॅप्टर, दोन भोकांचा डोंगल की बॅटरीवाला डॅक? घ्यायच्या आधी एवढं बघून घ्या

फोनला जॅक नाही, इअरफोन चांगला आहे, मग मधी काय लावू, हा प्रश्न आला की ज्याच्याकडं जे असतं तो तेच घ्या म्हणून सांगतो. सांगलीत अडचण अशी की या वस्तू दुकानात लावून, दोन गाणी ऐकून घ्यायची सोय सहजी मिळत नाही, मोबाईलच्या दुकानात मागितलं तर काचेच्या कपाटातनं शंभर-दीडशेचा कन्व्हर्टर पुढं येतो, आणि बाकी सगळं ऑनलाइन डोळे झाकून मागवायचं. तो शंभरवाला आधी बाजूला ठेवू. त्यातल्या काहींच्या आत आवाज बनवणारी चिपच नसते, नुसत्या तारा असतात, फोन स्वतः त्या सी टाइपच्या भोकातनं ॲनालॉग आवाज देत असेल तरच ते चालतात, आणि आताचे बरेच फोन तो देत नाहीत. शेजारच्याच्या फोनवर वाजतं आणि आपल्यावर मुकं, त्याचं कारण बहुतेक हे.

आता खरे पर्याय तीन. एक, ॲपलचा सी टाइप ते ३.५ एमएमचा छोटा पांढरा अडॅप्टर, हजाराच्या आसपास. दोन, मूनड्रॉप डॉन प्रो किंवा फिओ केए१३ असले डोंगल, म्हणजे फोनला लोंबणारे बिनबॅटरीचे छोटे डबे, ज्याला ३.५ आणि ४.४ एमएम अशी दोन भोकं असतात, चार हजारापासून सात-आठ हजारापर्यंत, किमती वरखाली होत असतात. तीन, फिओच्या बीटीआर सिरीजसारखे बॅटरीवाले, जे ब्लूटूथवर पण चालतात आणि वायरनं लॅपटॉपला लावले तर डॅक म्हणून पण चालतात. तिन्ही करतात तीच दोन कामं, फोनमधला आकड्यांचा आवाज विजेत बदलायचा (डॅक म्हणतात तो हाच बदलणारा भाग) आणि ती वीज हेडफोन हलवण्याइतकी मोठी करायची. फरक पडतो तो दुसऱ्या कामात. पहिलं काम हजाराच्या अडॅप्टरला पण नीट जमतं, हे बऱ्याच जणांच्या पचनी पडत नाही पण आहे तसं आहे.

म्हणून डॅक बघायच्या आधी आपला हेडफोन बघा, त्याच्या डब्यावर दोन आकडे असतात, ओहम (विजेला होणारा अडथळा) आणि सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच विजेवर किती मोठा वाजतो). साधे कानात घालायचे इअरफोन १६ ते ३२ ओहमचे आणि हलक्या विजेवर ओरडणारे. ऑडिओ टेक्निका एम५०एक्स ३८ ओहम, तो पण सोपा. बायरडायनामिक डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारात येतो, म्हणजे नाव एकच पण लागणारा जोर वेगळा, जुना घेताना कपावरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. सेनहायझर एचडी ६०० हा ३०० ओहमचा. रिकामी ट्रॉली कुठलाही ट्रॅक्टर ओढतो, उसानं भरलेली फॅक्टरीपर्यंत न्यायची तर इंजिन बघावं लागतं, तेवढंच हे आहे.

आकड्यात सांगायचं तर ॲपलचा अडॅप्टर जास्तीत जास्त १ व्होल्ट देतो. डॉन प्रो ३.५ मधनं २ व्होल्ट आणि ४.४ मधनं ४ व्होल्ट देतो. व्होल्ट दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो, म्हणजे ॲपलपासून डॉन प्रोच्या ४.४ पर्यंत एकूण १२ डेसिबलचा फरक, हा चांगलाच ऐकू येणारा आहे पण "चौपट भारी आवाज" असा नाही. ३२ ओहमच्या इअरफोनला १ व्होल्ट म्हणजे साधारण ३१ मिलिवॅट, त्यातला चिमूटभर पण तुम्ही वापरणार नाही. तेच १ व्होल्ट ३०० ओहमला दिलं तर ३ मिलिवॅटच्या थोडं वर. बँडसारखी भरून रेकॉर्ड केलेली गाणी त्यावर पण वाजतील, पण शास्त्रीय गाण्याचं जुन्या मैफिलीचं रेकॉर्डिंग, जिथं आलाप अगदी खालच्या आवाजात सुरू होतो, तिथं व्हॉल्यूम पूर्ण वर नेऊन पण अजून थोडं पाहिजे होतं असं वाटत राहणार.

म्हणून माझं मत सरळ आहे. इअरफोन वापरत असाल आणि फोन आयफोन १५ किंवा पुढचा असेल, नाहीतर लॅपटॉपवरच ऐकत असाल, तर ॲपलचा अडॅप्टर घ्या, उरलेले पैसे हेडफोनात घाला. अँड्रॉइडवाल्यांनी मात्र थांबा. हा अडॅप्टर बऱ्याच अँड्रॉइड फोनवर कमी आवाजातच अडकतो कारण अडॅप्टरचा स्वतःचा आतला व्हॉल्यूम फोन वर नेत नाही, तुम्ही बटण दाबून शंभर टक्के केलं तरी तो आतून खालीच. यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रो नावाचं ॲप आहे विकतचं, ते आतला व्हॉल्यूम स्वतः उचलतं, पण फक्त त्या ॲपमध्ये, यूट्यूबला त्याचा उपयोग नाही. आणि अजून एक, कोणी युरोपातनं आणून दिला तर त्याच्यावरचा मॉडेल नंबर बघा, ए२१५५ असेल तर तो १ ऐवजी अर्धा व्होल्टचा आहे, तिकडच्या आवाजाच्या नियमांमुळं. अँड्रॉइडवर इअरफोन असेल तर फिओ केए११ सारखा एकाच भोकाचा छोटा डोंगल जास्त बरा पडतो, ४.४ च्या नादाला लागायचं कारण नाही.

कारण ४.४ चं बॅलन्स्ड भोक दिसलं की ते वापरावंसं वाटतं, पण त्याला हेडफोनची वायर पण तशीच लागते, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या परतीच्या तारा वेगळ्या. एचडी ६०० ची वायर निघते, त्याला ४.४ ची वायर विकत मिळते, ठीक. डीटी ७७० प्रो ची वायर तर निघतच नाही. एम५०एक्स ची निघते पण आत दोन्ही बाजूंची परतीची तार एकच आहे, उघडून बदल केल्याशिवाय बॅलन्स्ड होत नाही. आणि कृपा करून ४.४ च्या भोकाला ३.५ चं कन्व्हर्टर लावून साधा हेडफोन जोडू नका, दोन्ही परतीच्या तारा एकमेकींना चिकटतात आणि डोंगलचं अँप, म्हणजे वीज मोठी करणारा भाग, जाऊ शकतं. उलटं, म्हणजे ३.५ च्या भोकाला ४.४ ची वायर कन्व्हर्टरनं लावणं चालतं.

ताकदवान डोंगलची एक दुसरी बाजू कोणी सांगत नाही. नाजूक इअरफोनला ४ व्होल्टचं भोक लावलं की फोनच्या व्हॉल्यूमच्या पहिल्या-दुसऱ्या पायरीलाच आवाज मोठा, आणि बऱ्याच फोनला पायऱ्याच पंधरा, म्हणजे मधला आवाज मिळतच नाही, एकतर बारीक नाहीतर कान धरायची वेळ. शिवाय गाण्याच्या मधल्या शांततेत मागं सुस्स ऐकू येतं. गेन, म्हणजे डोंगल आवाज किती वाढवतो ती पातळी, कमी-जास्त करायची सोय असेल तर इअरफोनला लो, ३०० ओहमला हाय, आणि डोंगलला स्वतःची बटणं असतील तर फोनचा व्हॉल्यूम वर ठेवून कमी-जास्त डोंगलवरनं करा. पण पहिल्यांदा लावताना दोन्ही खाली ठेवूनच लावा, कानात घालायच्या आधी गाणं चालू करून हातात धरून ऐका, मगच कानात.

आता चिपच्या नावांबद्दल थोडं, कारण यावर भांडणं फार. डॉन प्रो आणि केए१३ दोघांत सिरस लॉजिकच्या सीएस४३१३१ चिपा दोन-दोन. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानात नोबेओकाला एकेएम कंपनीची चिपची फॅक्टरी जळाली आणि मग बऱ्याच कंपन्यांनी चिपा बदलल्या, गंमत म्हणजे बदललेल्या मॉडेलांनी कोणाचं फारसं अडलं नाही. मला तर इअरफोनवर, आवाज दोन्हीकडं सारखा करून ऐकलं, तर ॲपलचा आणि डॉन प्रो यात फरक सांगता येत नाही. आवाज सारखा करून हे महत्त्वाचं, जो जरा मोठा वाजतो तोच आपल्याला भारी वाटतो, म्हणून "वापरून बघितला, जमीन-अस्मानाचा फरक" म्हणणाऱ्याला आधी विचारा, व्हॉल्यूम जुळवला होतास का. डब्यावर एमक्यूए (भारी दर्जाचा म्हणून खपवलेला गाण्यांचा एक फॉरमॅट) लिहिलंय म्हणून तर एक रुपया जास्त देऊ नका, ती कंपनी २०२३ मध्येच दिवाळखोरीत गेली.

ऐकायला काय लावायचं म्हणाल तर आपल्याकडं तंबोऱ्यासारखं दुसरं काही नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी, तार छेडल्यावर तो जो सूर वर उलगडत जातो, तो कुठल्या हेडफोनवर नीट सुटतो आणि कुठल्यावर नुसता गुंगाट होतो हे लगेच कळतं, आणि तिथं फरक नव्वद टक्के हेडफोनचाच असतो, डोंगलचा नाही. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८ च्या तबकडीवरची गाणी कोणी १९२ किलोहर्ट्झच्या भारी डिजिटल फाइली करून विकत असेल तर हसून सोडून द्या, त्या तबकडीवर वरच्या पट्टीत सुईच्या खरखरीशिवाय जास्त काही नाहीच. सीडीचं १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ आपल्या कानाला पुरून उरतं.

बॅटरीवाल्याचं गणित वेगळं. फोन खिशात, हा छोटा डबा शर्टाला अडकवलेला, मिरज ते पुणे रेल्वेत बसलात तरी फोनची वायर ओढली जात नाही, फोन चार्जिंगला लावता येतो (डोंगल फोनचीच बॅटरी खातो आणि तेच एक भोक अडवून बसतो), आणि फोन आला तर त्यातल्या माइकवरनं बोलता पण येतं. माइकचं विसरू नका, दोन भोकांच्या बऱ्याच डोंगलांवर हेडफोनच्या वायरीतला माइक चालत नाही, ॲपलच्या अडॅप्टरवर चालतो. ऑनलाइन तालमी किंवा ऑफिसच्या मीटिंगा असतील तर हाच मुद्दा पहिला धरा. ब्लूटूथवर अँड्रॉइड असेल तर सोनीचं एलडॅक (ब्लूटूथवरनं आवाज पाठवायची एक पद्धत) मिळतं, जास्तीत जास्त ९९० केबीपीएस, आयफोनला ते नाही, तिथं एएसी या दुसऱ्या पद्धतीवरच समाधान. तोटा दोन. बॅटरी काही वर्षांनी मान टाकणार, डोंगलला तो प्रश्नच नाही. आणि ब्लूटूथला आवाज उशिरा पोहोचतो. ॲपमधल्या लेहऱ्यावर तबल्याचा रियाज करणाऱ्याला याचा त्रास नाही, तो जे ऐकतो त्याच्यावरच वाजवतो, पण स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकत रेकॉर्ड करायचं असेल तर ब्लूटूथ अजिबात नको, तिथं वायरच.

सेटिंगचं आता. वनप्लस, ओप्पो, रियलमी, विवो असले फोन असतील तर डोंगल लावून काहीच होत नाही म्हणून परत पाठवायच्या आधी सेटिंगमध्ये ओटीजी (फोनला बाहेरची यूएसबी वस्तू जोडायची सोय) शोधा, ते हातानं चालू करावं लागतं, आणि काहींत दहा मिनिटं वापरलं नाही की आपोआप बंद होतं. तरी नाही झालं तर डेव्हलपर ऑप्शनमध्ये यूएसबी ऑडिओ राउटिंग बंद करायचा एक पर्याय असतो, तो चुकून चालू नाही ना बघा. फोनचं डॉल्बी, इक्वलायझर सगळं बंद करून एकदा ऐका. अँड्रॉइड सहसा सगळा आवाज ४८ किलोहर्ट्झला बदलून पाठवतो, अँड्रॉइड १४ पासनं न बदलता पाठवायची सोय आली पण ॲपनं ती वापरायला पाहिजे. खरं सांगू का, त्यानं ऐकण्यात फरक पडेल अशी आशा ठेवू नका, डोंगलवरच्या लाइटचा रंग बदललेला बघायचं समाधान असतं ते.

विंडोजवर २०१७ च्या विंडोज १० च्या अपडेटपासनं वेगळा ड्रायव्हर बहुतेक लागत नाही, लावायचं, साउंडमध्ये आउटपुट म्हणून डोंगल निवडायचा, एन्हान्समेंट बंद करायच्या, फॉरमॅट २४ बिट ४४१०० किंवा ४८००० ठेवायचा, झालं. गाणी वाजवायला फूबार हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात आउटपुट वासापी एक्सक्लुझिव्ह करा, मग डोंगल फक्त त्याच्याच ताब्यात राहतो, म्हणजे मधीच मेलची टिंग ऐकू येणार नाही. लिनक्सवर आणि मॅकवर तर लावलं की चालतं.

दोन किरकिरी मात्र डोंगल खराब आहे असं वाटायला लावतात. लॅपटॉप चार्जिंगला असताना बारीक गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बघा, गेली तर डोंगल बरोबर आहे, घरातलं अर्थिंग किंवा तो चार्जर बघायला पाहिजे. आणि फोनला लावल्यावर मधीच टरटर आवाज येत असेल तर एअरप्लेन मोड करून बघा, थांबली तर ती फोनच्या रेंजची टरटर आहे, वायर जरा लांब घ्या म्हणजे डोंगल फोनला चिकटून राहणार नाही. हे दोन्ही करून पण आवाज तसाच राहिला तर मग खुशाल परत करा, आणि त्यासाठीच परत घेण्याची मुदत किती दिवसांची आहे ते ऑर्डर टाकायच्या आधी वाचा, डबा फाडून उघडू नका.