सोपं इंग्रजी व्याकरणाचं हँडबुक घेताय? आधी मागची सूची उघडा

इंग्रजी व्याकरणाचं हँडबुक कुणी ओळीने वाचत नाही. ईमेल अर्धा लिहून झालेला असतो, एका वाक्यापाशी हात अडतो, इथे कॉमा हवा की नको एवढंच पाहायचं असतं आणि लगेच ईमेलकडे परतायचं असतं. हे काम मिनिटाच्या आत होत असेल तर ते हँडबुक सोपं. आतली भाषा बाळबोध आहे, रंगीत चौकटी आहेत, हसरी चित्रं आहेत, पण हवं ते पानच सापडत नाही, अशा पुस्तकाला सोपं म्हणण्यात अर्थ नाही.

म्हणून दुकानात असो की ऑनलाइन नमुना-पानांत, पहिलं प्रकरण सोडून थेट शेवटची सूची पाहावी. अडलेल्या माणसाला नियमाचं नाव ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं, तर तो अडलाच नसता. त्याच्या हातात असतो फक्त एक शब्द: 'हू' की 'हूम', 'लेस' की 'फ्युअर', 'ले' की 'लाय'. हे शब्द सूचीत स्वतःच्या नावाने, वर्णानुक्रमे सापडले पाहिजेत. तिथे नुसतं 'रिलेटिव्ह प्रोनाउन्स' असं लिहिलं असेल, तर ती सूची ज्याला आधीच येतं त्याच्यासाठी आहे. एकाच नियमाकडे जायला तीन-चार वाटाही हव्यात. 'हाऊएव्हर'च्या आधी कोणतं चिन्ह द्यायचं, हे 'हाऊएव्हर', 'कॉमा', 'सेमिकोलन' आणि 'रन-ऑन' (दोन पूर्ण वाक्यं चुकीची जोडणं) यांपैकी कुठूनही गाठता यायला हवं.

चाचणी सोपी आहे. दहा शंका कागदावर लिहा, घड्याळ लावा आणि एकेक शोधा. स्वतःच्या शंका आठवत नसतील तर या घ्या: 'इट्स'ला अपॉस्ट्रॉफी कधी; 'ॲन एमबीए' की 'अ एमबीए'; 'वन ऑफ द'नंतर नाम एकवचनी की अनेकवचनी; 'बिट्वीन यू अँड मी' की 'आय'; 1990च्या दशकाला अपॉस्ट्रॉफी लागते का; 'वेल-नोन'मध्ये हायफन केव्हा; 'जेम्स'ची वस्तू कशी लिहायची; अवतरणचिन्ह आधी की फुल स्टॉप आधी; 'बिकॉज'च्या आधी कॉमा येतो का; 'दॅट' की 'विच'. दहापैकी आठ उत्तरं प्रत्येकी एका मिनिटात मिळाली, तर पुस्तक घ्यायला हरकत नाही. पाचच्या खाली गेलं, तर ते कितीही नावाजलेलं असो, टेबलावर धूळच खाईल.

सूची पास झाली की मग आतला माल. अपॉस्ट्रॉफीचं प्रकरण छोटं असतं, दोन-तीन पानांत उरकायला हवं. 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स' यांना अपॉस्ट्रॉफी लागत नाही, म्हणून मालकीच्या 'इट्स'लाही लागत नाही. 'इट'स'च्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' घालून वाक्य वाचायचं. अर्थ लागला तरच अपॉस्ट्रॉफी. अनेकवचनाच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा. आधी पूर्ण अनेकवचन लिहायचं आणि मग चिन्हाचा विचार करायचा. 'बॉइज'च्या शेवटी एस आहे, तेव्हा नुसती अपॉस्ट्रॉफी पुरते. 'चिल्ड्रन'च्या शेवटी एस नाही, तेव्हा अपॉस्ट्रॉफी आणि एस दोन्ही. दशकाला अपॉस्ट्रॉफी नको. 'जेम्स'सारख्या नावांत दोन्ही रीती चालतात. पुस्तकाने त्यातली एक निवडावी आणि 'ही निवड आहे, नियम नव्हे' हे स्पष्ट लिहावं. जे पुस्तक रीतीला नियम म्हणून खपवतं, त्याच्या इतर नियमांवरही थोडा संशय ठेवावा.

पुस्तकाची खरी परीक्षा कॉमाच्या प्रकरणात होते. मराठी लेखणीतून हमखास उतरणारी चूक म्हणजे दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडणं. 'सर्व्हर बंद आहे, लॉगिन होत नाही' हे मराठीत कुणालाही खटकत नाही. तेच इंग्रजीत 'द सर्व्हर इज डाउन, वुइ कॅनॉट लॉग इन' असं उतरवलं की चूक ठरते, कारण तिथे दोन स्वतंत्र वाक्यांचा भार एकटा कॉमा पेलू शकत नाही. दुरुस्तीचे चार मार्ग आहेत. फुल स्टॉप द्या, सेमिकोलन द्या, कॉमानंतर उभयान्वयी अव्यय घाला, किंवा 'बिकॉज', 'सिन्स' वापरून एक वाक्य दुसऱ्याच्या अधीन करा. तिसऱ्या मार्गाला चालणारी अव्ययं सातच: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. त्यांची आद्याक्षरं जुळवून 'फॅनबॉइज' अशी आठवण ठेवतात. 'हाऊएव्हर' आणि 'देअरफोर' या सातांत नाहीत. म्हणून दोन पूर्ण वाक्यांच्या मधे ते आले, की आधी सेमिकोलन किंवा फुल स्टॉप आणि नंतर कॉमा. चांगलं हँडबुक हे चारही मार्ग एकाच उदाहरणावर, एकाच पानावर करून दाखवतं. चार मार्गांना चार वेगळी वाक्यं घेतली की तुलना हरवते आणि वाचक पुन्हा अंदाजाने कॉमा टाकायला लागतो.

दुसरी मराठी सवय 'की'ची. 'तो म्हणाला की, …' असं लिहायची सवय असलेला हात 'ही सेड दॅट'नंतरही कॉमा मारतो. इंग्रजीत तिथे कॉमा नको, 'दॅट'च्या आधीही नको. परदेशी वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत हे ठळक असतं. इंग्रजी ही मातृभाषा असलेल्यांसाठीच्या पुस्तकांत बहुधा सापडत नाही, कारण ही चूक त्यांच्या हातून होतच नाही.

आणि अर्थ बदलणारा कॉमा. 'द पॅसेंजर्स हू हॅड टिकेट्स बोर्डेड' म्हणजे ज्यांच्याकडे तिकिटं होती तेवढेच चढले. 'पॅसेंजर्स'नंतर आणि 'टिकेट्स'नंतर कॉमा दिला, तर सगळ्यांकडेच तिकिटं होती आणि सगळेच चढले. हे कॉमे जोडीने येतात. एक देऊन दुसरा विसरणं ही इथली नेहमीची चूक, आणि बरीच हँडबुकं ती सांगतच नाहीत. व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअरही इथे ठामपणे काही सांगू शकत नाही, कारण किती जणांकडे तिकिटं होती हे त्याला माहीत नसतं. त्यामुळे सॉफ्टवेअर आहे तर पुस्तक कशाला, असं वाटत असेल तर हे एक उदाहरण पुरे. सॉफ्टवेअर खूण करतं, पण ती खूण मान्य करायची की नाही हे ठरवायला नियम माहीत हवा.

यादीतल्या शेवटच्या 'अँड'आधी कॉमा द्यावा की नाही, यावर पुस्तकांत पानंच्या पानं खर्ची पडतात. एक रीत धरा आणि ती पाळा, एवढं सांगून पुरतं. मात्र अर्थ दुभंगत असेल तिथे तो द्यावाच. अमेरिकेतल्या मेन राज्यात दूध-कंपनीच्या चालकांच्या ओव्हरटाइमचा खटला अशाच एका नसलेल्या कॉमावर उभा राहिला. ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची कायद्यातली यादी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' अशी संपत होती. 'शिपमेंट'नंतर कॉमा नसल्याने वाटपाचं काम वेगळं, की वाटपासाठीचं पॅकिंग एवढंच, हे ठरेना. 2017 मध्ये अपील न्यायालयाने चालकांच्या बाजूने कौल दिला आणि 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. नंतर त्या कलमात सेमिकोलन घातले गेले. असं उदाहरण एखाद्या पुस्तकात असेल तर बरं, नसेल तर काही बिघडत नाही.

मराठी वाचकासाठी यापेक्षा कितीतरी मोलाचं प्रकरण उपपदांचं, म्हणजे 'अ', 'ॲन' आणि 'द'चं. मराठीत उपपद नाही, त्यामुळे कान मदत करत नाही. हँडबुक कुणासाठी लिहिलंय, ते या प्रकरणाची पानं मोजली की कळतं. 'अ-ॲन'वर अर्धं पान आणि 'द'वर चार ओळी असतील, तर लेखकाच्या डोळ्यांपुढे जन्मजात इंग्रजी बोलणारा वाचक आहे. 'अ-ॲन'चा निकाल उच्चारावर लागतो, अक्षरावर नाही: 'ॲन अवर', 'अ युनिव्हर्सिटी', 'ॲन एमबीए', 'अ वन-वे टिकेट'. अवघड भाग पुढे आहे. 'गो टू स्कूल' म्हणजे शिकायला जाणं, 'गो टू द स्कूल' म्हणजे त्या ठरावीक इमारतीकडे जाणं. 'वॉटर इज एसेन्शियल' म्हणताना 'द' नको, 'द वॉटर इन धिस टँक' म्हणताना हवा. शिवाय 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'इक्विपमेंट' या नामांना 'अ'ही लागत नाही आणि अनेकवचनी एसही. ही यादी उपपदांच्या शेजारी नसेल, तर चूक अर्धीच दुरुस्त होते.

पुस्तक ब्रिटिश आहे की अमेरिकन, हे पहिल्या दोन पानांत सांगितलेलं असावं. फरक केवळ 'कलर'च्या स्पेलिंगपुरता नाही. अमेरिकन रीतीत कॉमा आणि फुल स्टॉप अवतरणचिन्हाच्या आत जातात, मग ते मूळ उद्धृतातले असोत वा नसोत. ब्रिटिश रीतीत उद्धृताचा भाग असतील तरच आत. कोलन आणि सेमिकोलन मात्र दोन्हीकडे बाहेर. 'टीम' किंवा 'कमिटी'ला ब्रिटनमध्ये अनेकवचनी क्रियापद चालतं, अमेरिकेत सहसा एकवचनी वापरतात. एका पुस्तकातून अवतरणचिन्हं आणि दुसऱ्यातून क्रियापदं घेतली की लेखाची खिचडी होते.

काही पुस्तकं मात्र तिथल्या तिथे परत ठेवावीत. 'टू' आणि क्रियापद यांच्यात शब्द घालू नका, वाक्य प्रिपोझिशनने संपवू नका, 'अँड' किंवा 'बट'ने वाक्य सुरू करू नका, या तिन्ही गोष्टी व्याकरणाचे नियम नाहीत. जे पुस्तक त्यांना चुका म्हणतं, ते जुन्या शिक्षकी धाकाचं गाठोडं पुढे देतंय. दुसरी खूण पॅसिव्हची. पॅसिव्ह टाळा असं बजावताना उदाहरण म्हणून 'देअर इज'ने सुरू होणारी वाक्यं दिली असतील, तर लेखकालाच पॅसिव्ह ओळखता येत नाही. त्या वाक्यांत पॅसिव्ह असतंच असं नाही. (अशी गल्लत होते, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा.)

स्वाध्यायांचंही तसंच. नुसता उत्तरांचा तक्ता निरुपयोगी. उत्तरासोबत कारण आणि नियमाचा पान क्रमांक हवा. प्रत्येक स्वाध्यायात एक-दोन निर्दोष वाक्यंही असावीत, नाहीतर 'चूक आहेच' असं गृहीत धरून वाचक बऱ्या वाक्यातही कॉमे पेरतो आणि तीच सवय लिखाणात उतरते.

छापील प्रत घेणार असाल तर बांधणी पाहा. टेबलावर उघडी ठेवली की मिटायला नको, कारण दोन्ही हात कीबोर्डवर असतात. स्पायरल बांधणी आणि कडेला विभागांच्या पट्ट्या असतील तर उत्तम. दोनेकशे पानं पुरेशी होतात. ईबुकात शोधण्याची सोय असते, पण 'दॅट' शोधलं तर शेकडो ठिकाणं समोर येतात. त्यामुळे सूचीतल्या पान क्रमांकावर बोट ठेवलं की ते पान उघडायला हवं. आणखी एक तपासा: काही उपकरणांच्या अक्षरांत हायफन, एन डॅश (मधली रेघ) आणि एम डॅश (लांब रेघ) जवळपास सारखेच दिसतात, आणि तेच प्रकरण निरर्थक होतं.

काळांचीच घडी बसलेली नाही, 'डिड'नंतर क्रियापदाचं कोणतं रूप येतं इथेच अडखळायला होतं, अशांनी हँडबुक घेऊ नये. त्यांना क्रमाने शिकवणारं, भरपूर सरावाचं पुस्तक हवं. प्रबंध किंवा ग्रंथ छापायला द्यायचा असेल तर प्रकाशक सांगेल ती शैलीपुस्तिका लागते. शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनाची, 1906 पासून निघणारी, आता हजारावर पानांची आहे. रोजच्या ईमेलसाठी तिचं ओझं कुणी वागवू नये.

जुनी आवृत्ती स्वस्तात मिळत असेल तर कॉमा, अपॉस्ट्रॉफी आणि उपपदांपुरती ती बिनधास्त घ्यावी, ते नियम फारसे हललेले नाहीत. जुनं झालेलं असतं ते बाकीचं. 'ईमेल'मधला हायफन असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने 2011 मध्ये काढला, 'इंटरनेट'चं मोठं आय 2016 मध्ये गेलं, आणि एका व्यक्तीसाठी 'दे' वापरायला तिने 2017 मध्ये मर्यादित मुभा दिली. फुल स्टॉपनंतर दोन जागा सोडा असं पुस्तक सांगत असेल, तर ती टाइपरायटरच्या काळातली सवय समजून तेवढ्या ओळीवर पेन्सिलीने काट मारा.