खांद्याच्या ऑपरेशननंतर वस्तरा: फेदर आर्टिस्ट क्लब एका हाताने कितपत जमतो?

वस्तऱ्याने दाढी करताना एक हात पातं चालवतो आणि दुसरा कातडी ताणून धरतो. रोटेटर कफ (खांद्याभोवतीचे स्नायुबंध) शिवल्यावर हात साधारण ४ ते ६ आठवडे झोळीत राहतो, म्हणजे जोडीतला एक गडी बाद. तरीही वस्तरा सोडायचा नसेल, तर फेदर या जपानी कंपनीचा, पातं बदलायचा वस्तरा आर्टिस्ट क्लब एस.एस. विचारात घेण्यासारखा आहे. मात्र न मिटणारा, सरळ दांड्याचाच घ्यावा. मिटणाऱ्या वस्तऱ्याची मूठ एका ओल्या हाताने उघडताना बोटं धारेजवळून जातात, आणि एरवी दुसरा हात जे सांभाळतो ते इथे कोणीच सांभाळत नाही.

धार लावायचा पारंपरिक वस्तरा या काळात कपाटात ठेवलेला बरा. अडचण दाढीची कमी आणि पट्ट्याची जास्त आहे. धार साफ करायचा टांगलेला चामड्याचा पट्टा एका हाताने ताणून दुसऱ्याने वस्तरा फिरवावा लागतो. पट्टा सैल राहिला की चामडं धारेभोवती वळतं आणि धार गोल होते. शिवाय कार्बन स्टीलचं पातं लगेच कोरडं केलं नाही तर गंजतं. साधं दुधारी ब्लेड मधोमध मोडून बसवायचे स्वस्त वस्तरेही नकोत. ब्लेड मोडणं आणि पकडीत सरकवणं, दोन्ही कामं दोन हातांची आहेत.

आर्टिस्ट क्लबची पाती डबीत असतात. वस्तऱ्याचं तोंड डबीच्या खाचेला लावून पातं आत घ्यायचं, धारेला बोट लागत नाही. डबी ओल्या फडक्यावर ठेवली की सरकत नाही. डॉक्टरांनी बोटं वापरायला परवानगी दिली असेल, तर झोळीतल्या हाताने ती पोटाशी हलकी धरताही येते.

या वस्तऱ्याच्या पात्यांत प्रो गार्ड नावाचंच घ्यावं. त्याच्या धारेवर थोड्या थोड्या अंतराने बारीक संरक्षक कडी असतात. कातडी सैल असताना उघडी धार सुरकुतीत रुतते, ती या कड्यांमुळे बरीच अडते. बदल्यात दाढी तितकी गुळगुळीत होत नाही, आणि या काळात ते चालवून घ्यावं. याच वस्तऱ्याचं प्रोफेशनल सुपर हे पातं मात्र आत्ता हातात धरू नये. ते थोडी चूकही माफ करत नाही.

वस्तऱ्याचा खरा फायदा वेगळाच आहे. अशा दिवसांत रोज दाढी होत नाही. तीन-चार दिवसांचे खुंट अनेक पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये अडकून बसतात, उघड्या पात्यात अडकायला जागाच नसते.

कोणता खांदा दुखावलाय त्यावर सगळं ठरतं. सवयीचा हात मोकळा असेल तर उणीव फक्त ताण देण्याची. तो ताण चेहऱ्यानेच द्यावा लागतो: गालासाठी मान विरुद्ध बाजूला झुकवायची, वरच्या ओठासाठी ओठ दातांवर ओढून घ्यायचा, हनुवटीसाठी खालचा ओठ आत घ्यायचा. गाल फुगवून फारसं साधत नाही, हवा सुटली की कातडी हलते. पातं त्वचेशी साधारण ३० अंशांत, दाब शून्य, पात्याची एकेक ओढ दोन-तीन सेंटीमीटरची. फक्त सुलटा हात, म्हणजे केस वाढतात त्या दिशेने. उलटा हात ताणाशिवाय मारायचाच नाही.

सवयीचाच खांदा शिवलेला असेल तर प्रकरण अवघड. उजवा हात झोळीत असेल तर डाव्या हाताने डावा गाल होतो, पण उजव्या गालासाठी हात तोंडावरून आडवा जातो आणि आरशात पातंच दिसत नाही. पात्याचं टोक कानाच्या पाळीकडे असतं, कापतं तेही तिथेच. चेहरा डावीकडे वळवून गाल आरशासमोर आणायचा आणि टोक किंचित उचललेलं ठेवायचं. जबड्याखालची पलीकडची बाजू, हनुवटी आणि मिशी सरळ सेफ्टी रेझरला किंवा ट्रिमरला द्यावी. तिथे हट्ट केला की रक्त येणारच.

झोळीचा पट्टा मानेवरून जातो, तो भिजू नये म्हणून वर टॉवेल. दाढीसाठी झोळी स्वतःहून काढायची नाही. फेसासाठी झाकण फिरवायच्या डबीपेक्षा शेव्हिंग स्टिक सोयीची: गालावर घासायची आणि ओला ब्रश तोंडावरच फिरवायचा. पातं नळाखाली धुवायचं किंवा बेसिनच्या कडेला ठेवलेल्या ओल्या फडक्यावर टेकवायचं. आरसा चेहऱ्याच्या उंचीवर हवा, खुर्चीत ताठ बसून दाढी करता यावी.

सगळ्यात मोठा धोका कापण्याचा नाहीच. निसटलेला वस्तरा पकडायला झोळीतला हात आपोआप झेपावतो, आणि त्या एका झटक्यात शिवलेला स्नायुबंध फाटू शकतो. म्हणून बेसिनमध्ये टॉवेल अंथरावा, पायात चप्पल असावी, आणि पडलेलं पडू द्यावं. गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर वस्तरा नको. रक्त पातळ करणारं औषध असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. तुरटीच्या भरवशावर राहू नये.

ज्यांचा हात वस्तऱ्यावर आधीपासून बसलेला आहे त्यांनी आर्टिस्ट क्लब घ्यावा. नवशिक्यांनी झोळी निघेपर्यंत ट्रिमर वापरावा. नंतर जुन्या वस्तऱ्याकडे परतताना टांगलेला पट्टा लगेच ताणू नये, त्याची ओढ थेट खांद्यावर येते. लाकडी फळीवर चिकटवलेलं चामडं टेबलावर ठेवून एका हाताने धार साफ करता येते, फिजिओथेरपिस्ट ओढायची परवानगी देईपर्यंत तेवढं पुरतं.